पडू दे ती इमारत

एप्रिल आला की माझं डोकं फिरतं. शाळेत परीक्षा सुरू होतात, एरवी नीट चालणारा पंखा नेमका त्याच आठवड्यात बंद पडतो, मुलींच्या बोटांचा घाम कागदाला लागतो आणि नकाशावरची शाई फिसकटते. मी भूगोल शिकवते. मद्रासचा किनारा काढायचा म्हणजे जवळजवळ सरळ रेघ ओढायची, तरी निम्म्या मुली एन्नोरची खाडी विसरतात आणि मग खोडरबर मागतात. माझ्या वर्गात खोडरबर चालत नाही. मुली पाठीमागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि त्यांचं फार चुकतं असंही मी म्हणणार नाही.

कुणाला पावसाळ्याची ओढ असते, कुणाला मार्गळी महिन्यातल्या गार पहाटेची. मला एका उन्हाळ्याचा राग आहे. त्रेपन्न सालचा तो उन्हाळा. तो संपला असं कॅलेंडर म्हणतं. पण कडुलिंबाचा मोहोर रस्त्यावर पडू लागला, दुपारी डांबर चपलेला चिकटू लागलं, की तो पुन्हा दाराशी येऊन उभा राहतो. तेरा वर्षं मी त्याला आत घेते आहे.

या वर्षी तर तो छापील कार्ड घेऊनच आला. कार्डावर विद्यापीठातल्या आमच्या भूगोल विभागाच्या इमारतीचं चित्र होतं. ती पाडून तिथे चार मजली सिमेंटची नवी इमारत बांधायची आहे, तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी येऊन आपल्या लाडक्या वास्तूचा निरोप घ्यावा, असं आग्रहाचं आमंत्रण. खाली सही सौंदरराजनची. हा माझ्याच वर्गातला, आता त्याच विभागात रीडर. सही बघूनच मी ठरवलं की जायचं. इमारतीसाठी मी जात नव्हते. सौंदरराजनच्या तोंडून मला एक वाक्य ऐकायचं होतं, आणि ते चार माणसांसमोर ऐकायचं होतं. ‘वही तुळजाने पुसली नाही, मी पुसली.’ तुळजा म्हणजे मी. एवढंच. त्याहून जास्त काही मला नको होतं.

आता ही लाडकी वास्तू कशी होती ते सांगते. लाल विटांची, समुद्राकडे तोंड केलेली, हिरव्या झडपांच्या उंच खिडक्यांची. आत ट्रेसिंगच्या कापडाचा, डिंकाचा आणि शाईचा वास, त्यात समुद्राचा खारटपणा मिसळलेला. बाहेरून बघणाऱ्याला ती सुंदर वाटत असणार. मी ती जिन्याखालून पाहिलेली आहे. जिन्याखाली एक खोली होती, तिच्यावर बायकांसाठीची म्हणून पाटी होती, आणि वर्गात मुलगी एकटी मीच असल्याने ती खोली दोन वर्षं माझी होती. तिथे खिडकी नव्हती. एक बाक, एक मडकं आणि डोक्यावर पायऱ्यांचा उतार. घंटा झाली की मुलं वर वर्गात जाऊन बसायची आणि मी त्या खोलीचं दार किलकिलं करून उभी राहायची. प्रोफेसरसाहेबांच्या बुटांचा आवाज व्हरांड्यातून येईपर्यंत मला वर्गात पाऊल टाकायची मुभा नव्हती. ते आले की त्यांच्या पाठोपाठ जायचं, पहिल्या बाकावर एकटीने बसायचं, आणि तास संपला की पुन्हा त्यांच्याच पाठोपाठ बाहेर पडायचं. भूगोल मी किती शिकले कोण जाणे, त्यांच्या कोटाची पाठ मात्र मला पाठ आहे.

दुपारी दोनच्या सुमाराला समुद्रावरून वारा सुटायचा. झडपा आपटायच्या, मेजांवरचे नकाशे उडायचे, मुलं हसत त्यांच्यामागे धावायची. निरोपाच्या समारंभात जो उठला तो या वाऱ्याबद्दल बोलला. वारा आणि तरुणपण, वारा आणि स्वातंत्र्य. माझे तीन नकाशे त्या वाऱ्याने नेले, कारण नकाशामागे व्हरांड्यात धावणं मुलीला शोभत नाही असं मला पहिल्याच आठवड्यात सांगण्यात आलं होतं. तिन्ही नकाशे मी पुन्हा काढले.

दुसरी आठवण सगळ्यांनी मिटक्या मारत सांगितली ती डब्याची. सर्वेक्षणाच्या खोलीच्या दाराशी प्रोफेसरसाहेबांनी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा ठेवला होता. आत जाताना प्रत्येकाने आपला खोडरबर त्या डब्यात टाकायचा. मोजणीच्या वहीत पेन्सिलीने लिहिलेला आकडा पुसायचा नाही, हा त्या विद्येतला पहिला नियम. चूक झाली तर चुकीवर एक आडवी रेघ मारा, वर बरोबर आकडा लिहा, बाजूला सही करा. चूक दिसली पाहिजे. पुसलेली वही म्हणजे खोटी साक्ष, असं साहेब म्हणायचे. मला तो नियम फार आवडायचा, हे कबूल करते. त्या इमारतीत मला मनापासून आवडलेली तेवढी एकच गोष्ट होती, आणि नेमकं तिच्यावरूनच माझं वाटोळं झालं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात प्रात्यक्षिकाची परीक्षा असायची. चार-चार जणांच्या तुकड्या करून आम्हाला तांबरमला नेत. स्टेशनाजवळ एक दगड होता, त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची त्यावर कोरलेली. तिथून निघायचं, तळ्यापर्यंत उंचसखलपणा मोजत जायचं, आणि मोजत मोजत परत त्याच दगडाशी यायचं. निघताना जी उंची तीच परतताना आली पाहिजे. किंचित फरक चालतो. एक जण दुर्बिणीतून बघतो, दुसरा लांब आकड्यांची उभी पट्टी धरतो, तिसरा साखळी ओढतो आणि चौथा वहीत लिहितो. दुर्बिणीला हात लावायला मला कधी मिळालं नाही. वाकून डोळा लावायचा, पदर सावरायचा, रस्त्यावरची माणसं बघणार, त्यापेक्षा मुलीच्या हातात वही बरी, असं सगळ्यांचं एकमत होतं. माझं मत कुणी विचारलं नाही.

दुर्बिणीशी सौंदरराजन होता. त्या जुन्या दुर्बिणीत पट्टी उलटी दिसते, आकडे डोक्यावर उभे, त्यामुळे वरून खाली वाचावं लागतं. सकाळभर तो नीट वाचत होता. तो आकडा ओरडायचा, मी तोच मोठ्याने परत म्हणायची आणि लिहायची. बारा वाजून गेले. तळ्याच्या बांधावर सावली नव्हती, तापलेल्या मातीवरून हवा थरथरत वर चढत होती आणि पट्टीवरचे आकडे तिच्यात नाचत होते. डोक्यावरून हवाई दलाची विमानं घरघरत जात होती. सौंदरराजनने टॉवेल डोक्याला बांधला होता. कुठेतरी तिथेच त्याने एक फूट चुकीचा वाचला. फुटाचा आकडा रेघेच्या वरचा घ्यायचा की खालचा यात घोटाळा होतो, सगळ्यांचाच होतो. संध्याकाळी दगडाशी परतलो तेव्हा हिशेब बरोब्बर एक फुटाने चुकला होता.

ही काही मोठी आपत्ती नव्हती. असंच लिहून द्यायचं, साहेबांचं बोलणं खायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचं. मी तसं म्हटलंही. पण गाडीत बसून एकदा आकडे तपासू या, असं सौंदरराजन म्हणाला, आणि मी हो म्हटलं. त्यासाठी मी बायकांच्या डब्यात न बसता त्या तिघांबरोबर साध्या डब्यात बसले. तांबरमपासून मांबलमपर्यंत आम्ही चौघं एका वहीवर वाकून बेरजा करत होतो. खिडकीतून गरम वारा येत होता, कुणीतरी शेंगदाण्यांची पुडी फिरवली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मी कुणाच्या पाठीमागून न येता एका बाकावर सगळ्यांबरोबर बसले होते. मला फार बरं वाटलं. हे लिहितानासुद्धा मला त्या बरं वाटण्याचा राग येतो आहे.

माझे वडील, अप्पा, एग्मोर स्टेशनावर पार्सल ऑफिसात कारकून होते. तंजावरहून आमचं घर इकडे आलं ते त्यांच्या नोकरीपायी. मी तांबरमला गेले की परतीच्या गाडीला ते फलाटावर बायकांच्या डब्यासमोर उभे असायचे. त्यामुळे मांबलमला गाडी थांबली तशी मी उतरून धावले आणि बायकांच्या डब्यात चढले. अप्पांना मी त्याच डब्यातून उतरताना दिसले पाहिजे होते. घाईत वही सौंदरराजनच्या मांडीवर राहिली. तो पुढे बीच स्टेशनापर्यंत जाणारा होता. एग्मोरला मी उतरले, अप्पांनी माझ्या हातातली पिशवी घेतली, आणि आम्ही घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी मी जिन्याखालच्या खोलीत बुटांच्या आवाजाची वाट बघत उभी होते, तेव्हा सौंदरराजनने वही साहेबांच्या मेजावर ठेवून टाकली होती. हिशेब आता जुळत होता. एका आकड्यातला पाच पुसून त्याचा चार केला होता. साहेबांनी भिंग लावलं. कागदाचा पोत खरवडलेला त्यांना दिसला. वही लिहिली कोणी, एवढंच त्यांनी विचारलं, आणि वही लिहिली होती मी. त्यांनी एग्मोरला माणूस पाठवून अप्पांना बोलावून घेतलं.

त्या खोलीतला पंखा मला आठवतो, त्याची एक पात वाकडी होती. साहेबांनी वही अप्पांच्या पुढे सरकवली आणि बोटाने जागा दाखवली. पाचाचा चार केला आहे म्हणाले, मला ते पान दाखवलंच नाही. दाराशी बाकीचे तिघे उभे होते. सौंदरराजन आपल्या चपलांकडे बघत होता. खरं सांगायचं तर मला सांगावं लागलं असतं की वही रात्रभर दुसऱ्याच्या घरी होती. ती त्याच्याकडे गेली कशी, तर गाडीत. गाडीत कुठल्या डब्यात, तर त्यांच्या. आणि मग उतरताना मी बायकांच्या डब्यातून कशी उतरले, तेही. मी मनात एकेक पायरी मोजत होते. तेवढ्यात अप्पांनी मान वर केली आणि घरातल्या मराठीत, जे त्या खोलीत आम्हा दोघांखेरीज कुणाला कळत नव्हतं, मला विचारलं, "काय गे, तूंच पुसलंस काय?"

मी म्हटलं, "हो अप्पा."

प्रात्यक्षिकात मला शून्य मिळालं. बाकीच्या विषयांच्या जोरावर पास झाले, पण पहिला वर्ग गेला. विभागातली शिकवण्याची एक जागा मला मिळेल असं साहेब आधी म्हणाले होते, ती सौंदरराजनला मिळाली. मला तिरुवल्लिक्केणीच्या मुलींच्या शाळेत नोकरी लागली आणि तिथेच मी आहे. लग्न झालं नाही. आमच्या तंजावरकडच्या मराठी माणसांत घरं थोडी, पत्रिका जुळता जुळता वय निघून गेलं.

तर अशा त्या वास्तूचा निरोप घ्यायला मी गेले. मधल्या दालनात खुर्च्या मांडल्या होत्या, केळीच्या पानाच्या तुकड्यांवर केसरी शिरा आणि मेदुवडे होते, साहेबांच्या फोटोला चंदनाचा हार होता. टक्कल पडलेले, पोट सुटलेले पुरुष जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवत होते. कुणी दिल्लीहून आला होता, कुणी नागपूरहून. एक जण तर विटांच्या भिंतीला गाल लावून डोळे मिटून उभा होता, त्याच्या शर्टाला चुना लागला. मला सगळ्यांचा संताप येत होता. यांना या इमारतीने नोकऱ्या दिल्या, मित्र दिले, सांगायला गमती दिल्या. आणि जिन्याखालच्या खोलीत आता झाडू आणि फुटक्या खुर्च्या भरल्या होत्या. तिथे कोण बसायचं हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. पाडणाऱ्या माणसांनी आधीच येऊन चौकटींवर खडूने आकडे घातले होते. ते बघून मला बरं वाटलं, आणि ते मी लपवलं नाही.

सौंदरराजन शेवटी बोलला. चांगला बोलतो. त्याने वारा सांगितला, डबा सांगितला, आणि मग तांबरमचं ऊन सांगितलं. म्हणाला की आमच्या तुकडीची वही तुळजाबाई लिहायच्या, त्यांच्यासारखं स्वच्छ अक्षर मी नंतर कुणाचं पाहिलं नाही, त्यांच्या वहीला कधी रबर लागला नाही. लग्न होऊन त्या गेल्या नसत्या तर आज या खुर्चीवर त्या असत्या. लोकांनी माझ्याकडे वळून टाळ्या वाजवल्या.

मी त्याला कॉफीच्या टेबलाशी गाठलं. आम्ही तमिळमध्येच बोललो, नेहमी तसंच बोलायचो. माझं लग्न झालेलं नाही हे मी आधी सांगितलं. त्याला वाईट वाटलं, किंवा तो गोंधळला. मग मी म्हटलं, "तांबरमहून परतलो त्या दिवशी वही तुमच्याकडे राहिली होती. पाचाचा चार तुम्ही केलात."

तो बराच वेळ आठवत राहिला. मी त्याच्या चेहऱ्यावर नजर रोखून होते, आणि मी शिक्षिका आहे, खोटं बोलणारा चेहरा मला समजतो. तो खोटं बोलत नव्हता. "कुठल्या दिवशी?" तो म्हणाला. "आपण तांबरमला किती वेळा गेलो. असेल, वही माझ्याकडे राहिली असेल. काही झालं होतं का तेव्हा?"

त्याने नाकारलं असतं तर मी भांडले असते. माफी मागितली असती तर कदाचित ऐकून घेतली असती. त्याच्याजवळ दोन्हींपैकी काही नव्हतं. माझा जन्म ज्या दुपारवर अडकला आहे ती त्याच्या हातून केव्हाच गळून पडली होती, आणि तो माझ्यासमोर कॉफीचा पेला धरून सरळपणे, काळजीने उभा होता. मला त्याची विलक्षण चीड आली. मी पेला तसाच ठेवला आणि बाहेर पडले. वाळूवर ऊन मी म्हणत होतं. दोन वाजून गेले होते, वारा सुटला होता.

घरी आले तेव्हा अप्पा पानावर बसले होते. आता ते निवृत्त आहेत, सत्तरीला टेकले आहेत, आणि माझ्यासाठी जेवायचे थांबतात. मी साडी न बदलता वाढायला घेतलं. समारंभ कसा झाला असं त्यांनी विचारलं. मी भातावर सांबार घातलं आणि जे तेरा वर्षं म्हटलं नव्हतं ते म्हटलं. वही मी पुसली नव्हती.

ते भात कालवत राहिले. मला वाटलं ऐकू आलं नाही. मग त्यांनी सावकाश सांगितलं, "जाणतों की. तो चार तुझा नव्हता. जन्मभर पार्सलांच्या पावत्या वाचलों, मज तुझा हात कळत नाही काय?"

मी विचारलं, मग मला का विचारलंत? मी हो म्हटलं ते का ऐकून घेतलंत?

"तूं नाही म्हटलं असतंस तर वही कोणापाशी होती तें साहेबांनी विचारलं असतं," अप्पा म्हणाले. "तीन मुलगे दाराशी उभे. तें ऐकायचं नव्हतं मज. तूं हो म्हटलंस, बरं झालं." आणि मग रसम कुठे आहे ते शोधत म्हणाले, "पोदुम गे, पुरे आतां, जुनी गोष्ट."

तेरा वर्षं मी एका इमारतीचा द्वेष केला. एका मेलेल्या प्रोफेसरचा केला आणि एका विसराळू माणसाचा केला. रोज दोन वेळा मी ज्यांना वाढत होते त्यांना मात्र मी वाचवलं आहे असं समजत होते. ते फलाटावर उभे असायचे ते माझ्या काळजीने, हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं होतं. त्या खोलीत माझी बाजू घेऊ शकणारा एकच माणूस होता, आणि त्याला सगळं दिसत होतं.

मी रसम वाढलं. मग ताक वाढलं. आमच्या घरी जेवणाऱ्याला दर पदार्थाला आणखी हवं का म्हणून विचारतात, तीनतीनदा विचारतात, नको म्हटलं तरी विचारतात. अप्पांनी पानावरचा भात संपवला आणि डावा हात मांडीवर ठेवून वाट बघत बसले. मी भांड्यावर झाकण घातलं आणि आत निघून गेले.